विश्लेषण : गाडीचे हेडलाइट पिवळे का पडतात? घरच्या घरी ते पुन्हा लख्ख करता येतात का?

दहा-बारा वर्षे जुनी गाडी. इंजिन ठणठणीत, टायर नवे, पण रात्री हायवेवर समोरचे नीट दिसत नाही. मग गॅरेजमध्ये जाऊन जास्त वॉटचा बल्ब बसवला जातो आणि तरीही रस्ता अंधूकच राहतो. अनेकदा दोष बल्बचा नसतोच. दोष असतो त्याच्यापुढच्या धुरकट झालेल्या आवरणाचा. हे आवरण घरी स्वच्छ करता येते. मात्र त्यातली शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि काही महिन्यांत मेहनत वाया जाते.

हेडलाइटची ‘काच’ कशाची असते?

बोलताना आपण काच म्हणतो, पण आजच्या गाड्यांत ती पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक हलके असते, दगड लागला तरी सहसा फुटत नाही आणि त्याला हवा तो आकार देता येतो. मात्र त्याच्या दोन उणिवा आहेत. त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर पारदर्शक संरक्षक थर दिला जातो.

मग ते पिवळे का पडते?

वर्षानुवर्षे ऊन, धूळ आणि कोरड्या फडक्याने पुसणे यामुळे हा थर झिजतो. तो गेला की अतिनील किरणे थेट प्लास्टिकवर पडतात, त्यातील रासायनिक बंध तुटतात आणि पिवळसर संयुगे तयार होतात. सोबत पृष्ठभागावर सूक्ष्म तडे जातात. ऊन वरून येत असल्याने हेडलाइटचा वरचा भाग आधी खराब होतो. सोसायटीत छताखाली पार्किंग मिळालेली गाडी आणि रस्त्याकडेला उन्हात उभी राहणारी गाडी यांच्या हेडलाइटमधला फरक इथूनच येतो.

याने खरेच किती फरक पडतो?

अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८मध्ये जुन्या सेदान गाड्यांच्या हेडलाइटची चाचणी घेतली. धुरकट झालेले हेडलाइट नव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्के प्रकाश देत होते. घासून, पॉलिश करून तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला. म्हणजे फायदा मोठा आहे, पण जुना हेडलाइट पूर्ण नवा होत नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. उसाच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली एक सेकंद उशिरा दिसली, तर ब्रेक मारायला तेवढेच अंतर कमी उरते.

सुरुवात कुठून करायची?

आधी हेडलाइटवर पाणी ओता. ओला असताना तो स्वच्छ दिसत असेल, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घरी काम होऊ शकते. ओला करूनही आत बाष्प, धूळ किंवा काळवंडलेला रिफ्लेक्टर दिसत असेल, तर बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही.

घरी कसे करायचे?

१. हेडलाइट शाम्पूने धुऊन पुसा. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा.

२. १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून एकाच दिशेने घासा. थर फारच खराब असेल तर ८०० पासून सुरुवात करा. सुरुवातीला पिवळसर पाणी येईल. ते पांढरे होईपर्यंत थांबू नका.

३. पुढे १५००, २००० आणि ३००० अशा क्रमाने घासा. प्रत्येक वेळी दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळते. मधला पेपर गाळला तर राहिलेले ओरखडे प्रकाश विखुरतात आणि समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर तिरीप जाते.

४. रबिंग कंपाउंड लावून मऊ फडक्याने चकाकी आणा.

५. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा आणि हेडलाइटसाठी मिळणारे यूव्ही संरक्षक कोटिंग लावा. डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत गाडी पाण्यात नेऊ नका.

पाचवी पायरीच गाळली जाते. घासताना उरलासुरला कारखान्यातील थरही निघून गेलेला असतो. त्यामुळे कोटिंग न करता सोडलेला हेडलाइट पहिल्यापेक्षा लवकर पिवळा पडतो. नुसते वॅक्स काही आठवडेच टिकते. हार्डनर मिसळायचा दोन घटकांचा क्लिअर स्प्रे मात्र घरी वापरू नये. त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात. ते काम पेंट बूथ असलेल्या गॅरेजवर सोपवावे.

टूथपेस्टने काम होते का?

थोडेफार होते. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे वरचा मळ निघतो. पण संरक्षण मिळत नाही. डासप्रतिबंधक स्प्रेचा व्हिडीओ पाहून तो प्रयोग करणे अधिक धोक्याचे. त्यातील डीट हा घटक प्लास्टिक वितळवतो, म्हणून क्षणभर चकाकी दिसते. थिनर, अ‍ॅसिटोन आणि पेट्रोलनेही तडे जातात.

जास्त वॉटचा बल्ब का नको?

अनेक गाड्यांतील एच-४ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. बाजारात १००/९० वॉटचेही मिळतात. धुरकट आवरणातून हा जादा प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी सगळीकडे विखुरतो. वर उष्णतेने वायरिंग, रिफ्लेक्टर आणि तेच प्लास्टिक खराब होते.

काम झाल्यावर काय तपासावे?

रात्री सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून लो बीम लावा. प्रकाशाची वरची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली हवी. ती वर जात असेल, तर गॅरेजमध्ये हेडलाइट सेट करून घ्या. कोटिंगनंतरही दिसण्यात फरक पडला नाही किंवा आवरणाला आतून तडे असतील, तर नवा हेडलाइट बसवणे हाच उपाय. तोपर्यंत रात्रीचा वेग कमी ठेवावा.