जळण ओळखा पाहू!

बालमित्रांनो, २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत खूप घरी गॅस आला. तरीपण माण, आटपाडी, जतकडच्या एखाद्या गावात सकाळी फेरी मारा. कितीतरी घरी अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. परड्यात जळण रचलेलं असतं. ते कुठल्या झाडाचं, सांगाल?

"गुरुजी, बाभळीचं!" आमच्या वर्गातली पोरं लगेच ओरडतात. बरोबर! बाभळीचं लाकूड घट्ट. सावकाश जळतं, निखारे बराच वेळ टिकतात. पांगारा मात्र भुर्रकन जळून जातो. पण गंमत ऐका. दोन्ही लाकडं नीट वाळवून एकेक किलो जाळली, तर उष्णता जवळजवळ सारखीच मिळते! मग फरक कशात? तेवढ्याच आकाराच्या पांगाऱ्यापेक्षा बाभूळ दुपटीहून जड भरते. म्हणून तिची मोळी जास्त पुरते. तुराट्या, पऱ्हाट्या झटकन पेटतात. त्या चूल पेटवायला चांगल्या.

ओलं लाकूड मात्र नकोच. ताज्या लाकडाच्या वजनात कधीकधी निम्मं पाणी असतं. आधी त्या पाण्याची वाफ करण्यातच उष्णता खर्च होते. विस्तव धुमसतो आणि तो धूर जातो फुंकणी फुंकणाऱ्या आईच्या डोळ्यांत, छातीत. म्हणून तर जाणती माणसं उन्हाळ्यात लाकडं फोडतात, वाळवतात आणि पावसाआधी आडोशाला रचतात. फोडलेलं लाकूड लवकर वाळतं. आणि हो, कण्हेर चुलीत कधीच घालायची नाही! तिचा धूर विषारी असतो.

जळण आणायचं कुठून? वाळक्या काटक्या वेचाव्यात. बांधावरच्या सुबाभळीच्या, गिरिपुष्पाच्या फांद्या मोठ्यांनी छाटल्या तरी पुन्हा फुटतात. पण दिसेल ते झाड बुंध्यापासून तोडलं तर? सांगली जिल्ह्यातला सागरेश्वरचा डोंगर तोडीनं आणि चराईनं असाच उघडा पडला होता. धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथं झाडं लावून, राखून पुन्हा रान उभं केलं. १९८५ साली ते अभयारण्य झालं. तोडायला एक सकाळ पुरते. वाढवायला वर्षं लागतात.

आता एक प्रयोग करा. छाटलेली एक ओली फांदी दुकानातल्या तराजूवर तोला. महिनाभर उन्हात ठेवून पुन्हा तोला. जेवढं वजन घटलं, तेवढं पाणी उडालं. आकडा आईला दाखवा. तिचा तेवढा धूर वाचला!