शेंगेतले विष शेतातच शिरते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शेंगदाणे खाताना एखादा कडवट दाणा दाताखाली आला, तर आपण तो लगेच थुंकून टाकतो. जीभ आपल्याला सावध करते. आज मला ज्या विषाबद्दल बोलायचे आहे, त्याची सूचना मात्र जीभ देत नाही, कारण त्याला चव नाही आणि वासही नाही. त्याचे नाव अफ्लाटॉक्सिन.

हे विष माणसाला कळले ते पक्ष्यांमुळे. 1960 साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी अचानक दगावले. शोध घेता घेता बोट गेले ते त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीकडे. ही पेंड ब्राझीलहून आलेली होती आणि तिच्यात ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ नावाची बुरशी वाढली होती. बुरशीच्या नावातलीच अक्षरे जोडून विषाचे नाव ठरले. आपल्याकडे 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात बुरशी आलेला मका खाऊन शेकडो आदिवासी काविळीने आजारी पडले. त्यांपैकी शंभरावर माणसे मरण पावली.

अशी साथ क्वचितच येते. खरा धोका आहे तो थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात जाण्याचा. अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग होतो, हे आता पुरेपूर सिद्ध झाले आहे. ज्याला ब प्रकारच्या काविळीचा जुना संसर्ग आहे, त्याच्या बाबतीत हा धोका कित्येक पटींनी वाढतो.

मेळाव्यांमध्ये शेतकरी मला विचारतात, “आमचे कोठार कोरडे आहे, मग बुरशी येते कुठून?” ती कोठाराच्या आधी शेतात असते. ही बुरशी मातीतच राहते, पालापाचोळा आणि कुजके अवशेष खाऊन जगते. भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत शिरतात आणि शेंगा तिथेच पोसतात, म्हणजे शेंग आणि बुरशी महिना-दीड महिना शेजारी शेजारी असतात.

एवढे असूनही प्रत्येक शेंग विषारी होत नाही. जमिनीत ओल असेल तर भरणारा दाणा बुरशीला रोखणारी द्रव्ये स्वतःच तयार करतो. काढणीआधीच्या चार-सहा आठवड्यांत पावसाने ओढ दिली, माती तापली, की दाण्यातले पाणी कमी होते आणि त्याची ही ढाल गळून पडते. बुरशीला मात्र तीस अंशांच्या आसपासची उष्ण माती मानवते. त्यात वाळवीने किंवा हुमणीने टरफल पोखरले असेल, खुरप्याचा घाव बसला असेल किंवा शेंग तडकली असेल, तर तिला आयतेच दार सापडते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की दाणे भरण्याच्या काळात एखादे संरक्षित पाणी देता आले तर जरूर द्या. ते उत्पन्नासाठी असतेच, शिवाय विष टाळण्यासाठीही असते. आऱ्या सुटल्यावर कोळपणी करू नका. पीक पक्व झाले की काढणी लांबवू नका. टरफलाची आतली बाजू काळपट झाली की शेंग तयार झाली असे समजा.

दुसरे सांगणे वाळवणीबद्दल. वेल उपटल्यावर शेंगा वर येतील असे उलटे ठेवा. ओल्या वेलांचे ढीग घालू नका, ढिगात ऊब धरते आणि बुरशी फोफावते. शेंग कानाशी हलवल्यावर दाणा खुळखुळला आणि चोळल्यावर दाण्याची साल सुटली, तरच पोती भरा. ओलाव्याचे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास आलेले असावे. टरफल मऊ पडावे म्हणून सोलण्याआधी शेंगांवर पाणी मारण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. वाळवणीची सगळी मेहनत त्या पाण्यात जाते.

आता जरा अवघड गोष्ट. टपोरा दाणा बाजारात जातो. सुरकुतलेला, फुटका, काळपट दाणा मागे उरतो आणि त्याचा घरात कूट होतो, चटणी होते. विष बहुधा अशाच दाण्यांत एकवटलेले असते. भाजल्याने बुरशी मरते, पण तिने सोडलेले विष बरेचसे तसेच राहते. घाण्यावर तेल काढले तर थोडे विष तेलात उतरते आणि बहुतेक पेंडीत राहते. ती पेंड गायी-म्हशींनी खाल्ली की त्याचा काही अंश रूप बदलून दुधात येतो, आणि दूध उकळूनही तो जात नाही. घरातली लहान मुले तेच दूध पितात.

प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्यात किलोमागे 15 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन नसावे, असा आपल्या देशाचा नियम आहे. म्हणजे एक टन दाण्यांत 15 मिलिग्रॅम, मिठाच्या चिमटीहूनही कमी. युरोपात थेट खायच्या दाण्यांसाठी ही मर्यादा किलोमागे चारच मायक्रोग्रॅम आहे. मूठभर वाईट दाणे साऱ्या पोत्याला नापास करू शकतात, ते यामुळे.

शास्त्रज्ञांनी या बुरशीवर बुरशीचाच उतारा शोधला आहे. तिच्याच जातीत विष न करणारे वाणही असतात. ते निर्जीव केलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर चढवून शेतात फेकतात, मग हे निरुपद्रवी भाऊबंद विषारी बुरशीची जागा बळकावतात. अमेरिकेत आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत हा उपाय वापरात आहे.

आपल्या हाती आज निवडणी आहे. सुपात दाणे घेतले की सुरकुतलेले, रंग बदललेले, बुरशी धरलेले बाजूला काढा. ते घरात नकोत, गोठ्यात नकोत आणि घाण्यावरही नकोत. बाजाराला दिला तोच टपोरा दाणा आपल्या मुलांच्या ताटातही वाढा.