ग्रामनिधी व लोकसहभाग

ग्रामपंचायतीकडे जमा होणाऱ्या सर्व रकमांचा एकत्रित निधी म्हणजे ग्रामनिधी. १९५८ च्या मुंबई (सध्याच्या महाराष्ट्र) ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५७ अन्वये तो प्रत्येक गावासाठी असतो. घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी, बाजार फी व शासकीय अनुदाने ही त्याची मुख्य साधने होत. खर्च पंचायत करते. तथापि वार्षिक हिशेब, लेखापरीक्षणाचे शेरे आणि पुढील वर्षाचा विकासकार्यक्रम तिला ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असल्याने लोकसहभागाचे कायदेशीर स्थान तेच.

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा मुख्यतः कोरडवाहू शेतीचा आहे. अशा प्रदेशात पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे राहते व अनुदानांवर भिस्त वाढते. चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५–२०) ग्रामीण अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले आणि ग्रामविकास आराखडा गावातच करण्याची पद्धत रूढ झाली. पंधराव्या आयोगाच्या २०२१–२६ या काळात मात्र ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी बंधित होती. म्हणजे ग्रामसभेच्या निवडीस वाव उरला तो मुख्यतः उरलेल्या भागापुरता. शिवाय ज्या निधीत आपली पट्टी अल्प, त्याचा जाब विचारण्याची सवयही अल्पच.

खरी अडचण वेळेची आहे. आराखड्याच्या सभा साधारणपणे २ ऑक्टोबरपासून जानेवारीअखेरपर्यंत चालतात. मराठवाड्यातील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे नेमकी याच सुमारास ऊसतोडीसाठी वा शहरांत कामासाठी बाहेर पडतात. रस्ता कोणत्या वस्तीपर्यंत न्यावयाचा, हे ती वस्ती रिकामी असताना ठरते. ग्रामसभेस मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. पण तहकूब सभेस ती लागत नाही, आणि महत्त्वाचे ठराव पुष्कळदा तहकूब सभेतच होतात. १ मेच्या सभेस ही माणसे परतलेली असतात; तोवर नव्या वर्षाचे अंदाजपत्रक मंजूर झालेले असते. महिलांची स्वतंत्र सभा ग्रामसभेपूर्वी घेणे बंधनकारक असले, तरी स्थलांतरित स्त्रियांना तिचा उपयोग होत नाही.

हिशेब जाहीरपणे मांडणे खेड्यांना अपरिचित नाही. हरिनाम सप्ताहाची वर्गणी कोणी किती दिली व कशावर खर्ची पडली, हे देवळात वाचून दाखविण्याची रीत जुनी आहे. पंचायतीचा हिशेब मात्र रोकडवही व कर आकारणी नोंदवही (नमुना ८) यांसारख्या ठराविक नमुन्यांत असतो आणि तो सभेत एका दमात वाचला जातो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे कोणासही त्याच्या प्रती मागता येतात. परंतु अर्जाने मिळणारी माहिती सभा उरकल्यावर हाती येते. खर्चाचा कामवार तपशील सभेच्या नोटिशीसोबतच फलकावर लावला, तर प्रश्न वेळेवर विचारता येतात.

कळमनुरी भागात आंध या आदिवासी जमातीची मोठी वस्ती आहे. तथापि हिंगोली जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना दिलेले, पंचायतीस पैसा वापरल्याचे प्रमाणपत्र देण्यासारखे अधिकार येथील ग्रामसभांना लागू होत नाहीत.