फर्माशी बूट : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

उत्तम वस्तूला आपण मराठीत 'फर्मास' म्हणतो, आणि या शब्दाचे मूळ फारसी 'फर्माइश' या शब्दात आहे. म्हणजे कारागिराला सांगून मुद्दाम करवून घेतलेली वस्तू चांगलीच असणार, ही आपल्या पूर्वजांची धारणा या एका विशेषणात साठवलेली आहे. पुरुषांच्या उंची, समारंभी बुटांच्या बाबतीत मात्र ही धारणा जशीच्या तशी उरी बाळगणे धोक्याचे ठरते. कारण येथे फर्माइश करणाऱ्याचे अज्ञान कारागिराच्या कौशल्याइतकेच निर्णायक असते, आणि भरपूर दाम मोजूनही दोन तासांत पायाला फोड आणणारे बूट घरी आलेले मी माझ्या परिचयातल्या अनेक सुविद्य गृहस्थांच्या बाबतीत पाहिले आहेत.

आमच्या झाशीत हा विषय वरचेवर निघतो, याला कारण आहे. १७७० मध्ये रघुनाथ हरी नेवाळकर येथे पेशव्यांचे सुभेदार म्हणून आले, त्या सुमारापासून स्थिरावत गेलेली मराठी घराणी, ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला त्या मंदिराभोवती आजही गणेशोत्सवाला एकत्र जमतात. आणि त्याच शहरात लष्कराची छावणी, रेल्वेचा जुना कारखाना व जिल्ह्याच्या कचेऱ्या असल्यामुळे काळ्या चकचकीत बुटांचा दस्तूरही येथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. शिवाय आग्रा आणि कानपूर ही देशातली दोन मोठी चर्मोद्योगाची शहरे येथून प्रत्येकी सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहेत. तेव्हा लग्नसराई जवळ आली की घरातला एखादा तरुण बुटांची चित्रे घेऊन वडीलधाऱ्यांकडे येतो, हे ओघानेच आले.

गेल्या कार्तिकात माझा पुतण्या असाच आला. ''काका, मला ऑक्सफर्डच हवेत. लग्नाच्या स्वागतसमारंभाला दुसरे काही शोभतच नाही,'' असे म्हणून त्याने निमुळत्या टोकाच्या, देखण्या बुटांचे एक चित्र माझ्यापुढे ठेवले. मी चित्राकडे न पाहता त्याला चप्पल काढून उभे राहायला सांगितले. आमच्या घराण्यातल्या बहुतेक पुरुषांप्रमाणे त्याच्या पावलाची पाठ उंच आहे, आणि त्या उंच पाठीमुळेच त्याची निवड चुकीची ठरत होती.

ऑक्सफर्ड म्हणजे कोणताही बंद बांधायचा औपचारिक बूट, हा सर्वांत रूढ गैरसमज होय. वस्तुतः हे नाव बंद बांधण्याच्या जागेच्या रचनेचे आहे. बुटाच्या बाजूचे दोन पल्ले, ज्यांना बंदांची छिद्रे असतात, ते चवड्यावरच्या पुढच्या कातड्याच्या खाली घालून शिवले, म्हणजे पल्ल्यांची खालची टोके बंदिस्त झाली, तर तो ऑक्सफर्ड. आणि तेच पल्ले पुढच्या कातड्याच्या वर शिवून दोन्ही बाजूंना मोकळे उघडतील असे ठेवले तर तो डर्बी. वॉटर्लूच्या १८१५ मधील लढाईत नेपोलियनविरुद्ध लढलेला प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर याच्या नावाने ओळखला जाणारा प्रकारही याच खुल्या बांधणीचा आहे, आणि सैनिकाला घाईत पाय आत घालता व बाहेर काढता यावा ही त्यामागची सोय सहज ध्यानात येण्याजोगी आहे. उंच पाठीचे पाऊल बंदिस्त बांधणीत घातले की पल्ले मिटत नाहीत, मध्ये रुंद फट राहते, आणि बंद ओढून ती मिटवू गेल्यास पावलाच्या हाडावर दिवसभर दाब पडतो; उलट बारीक, सपाट पावलाला खुली बांधणी दिली तर पल्ले एकमेकांवर चढू पाहतात आणि बूट सैल पडतो. म्हणजे यांतला कोणता श्रेष्ठ या प्रश्नाला पाऊल पाहिल्यावाचून उत्तरच नाही. ऑक्सफर्ड अधिक औपचारिक मानला जातो हे खरे, परंतु फट पडलेला ऑक्सफर्ड नीट मिटलेल्या डर्बीपुढे केव्हाही गबाळा दिसतो.

याच नावाशी दुसरा एक गोंधळ जोडलेला आहे. कातड्यावर नक्षीदार छिद्रे पाडलेल्या बुटाला ब्रोग म्हणतात, आणि ब्रोग म्हणजे ऑक्सफर्डहून वेगळी जात, असे अनेकांना वाटते. ब्रोग ही नक्षी आहे, बांधणी नव्हे. ती ऑक्सफर्डवर येते, डर्बीवर येते, बंदांशिवायच्या बुटावरही येते. आयर्लंड-स्कॉटलंडच्या दलदलीच्या मुलखात पाणी निथळून जावे म्हणून बुटांना भोके पाडीत, त्यांची ही शोभिवंत वंशज, असे परंपरेने सांगितले जाते. नक्षी जितकी अधिक तितका बूट अनौपचारिक, एवढा संकेत लक्षात ठेवला तरी समारंभापुरते भागते.

आता ज्या गैरसमजाने सर्वांत अधिक पैसा वाया जातो, तो. पुष्कळ कंपन्या आज मागणीबरहुकूम बूट करून देतात. कातडे, रंग, घाट, तळ हे सारे गिऱ्हाइकाने ठरवायचे असते, आणि यावरून गिऱ्हाइकाची अशी समजूत होते की बूट आपल्या पायाच्या मापाने होणार. तसे होत नाही. ज्या लाकडी वा प्लॅस्टिकच्या पावलावर कातडे ताणून बूट घडवतात त्याला कारागीर फर्मा म्हणतात. मागणीबरहुकूम बुटात हा फर्मा कंपनीचा, आधीच ठरलेला असतो आणि तुम्ही फक्त त्यावर चढणारे वस्त्र निवडता. केवळ तुमच्या दोन पावलांसाठी स्वतंत्र फर्मे कोरून केलेला बूट ही निराळी, फार अधिक खर्चाची व वेळखाऊ गोष्ट आहे. माझ्या तरुणपणी मी स्वतः हा भेद न जाणता एका दूरच्या दुकानाकडे बूट सांगितले होते. कातडे अप्रतिम होते, शिलाई निर्दोष होती, आणि उजव्या पायाची करंगळी त्या बुटांनी मला वर्षभर विसरू दिली नाही. म्हणून घाटाची चर्चा सुरू करण्यापूर्वी त्या कंपनीकडे कोणकोणते फर्मे आहेत, ते रुंद आहेत की अरुंद, चवड्यापाशी कसे वळतात, याची रुजुवात करणे हेच पहिले काम होय. टोक निमुळते की गोल, हीदेखील घाटाची नव्हे, फर्म्याची बाब आहे. एकाच ऑक्सफर्डला दोन फर्म्यांवर दोन निरनिराळे चेहरे येतात.

मापाच्या बाबतीत 'कातडे सैलावते, तेव्हा थोडे घट्टच घ्यावे' हा सल्ला घरोघर दिला जातो. कातडे रुंदीत किंचित मोकळे होते, लांबीत होत नाही. लांबीला आखूड असलेला बूट जन्मभर आखूडच राहतो. इंग्रजी मापात एका क्रमांकाने तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर फरक पडतो, तर युरोपीय मापात दोन तृतीयांश सेंटिमीटर. त्यामुळे एका पद्धतीचा क्रमांक दुसरीत उतरवताना अर्ध्या मापाची चूक सहज होते. माप संध्याकाळी, उभे राहून, दोन्ही पावलांचे घ्यावे, कारण बहुतेकांची दोन पावले तंतोतंत सारखी नसतात आणि झाशीच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दिवसभरात पाऊल चांगलेच सुजते. नुसती लांबी न मोजता टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचे अंतरही टिपून ठेवावे. बूट जेथे वाकतो ती जागा पावलाच्या वाकण्याच्या जागी आली नाही, तर उत्तमोत्तम कातडेही भलत्या ठिकाणी चिरते.

तळाविषयी दोन गोष्टी. 'गुडइयर वेल्ट' हे शब्द वाचून बुटाला टायरचे रबर लावले आहे असे मानणारे लोक मला भेटले आहेत. रबर टिकाऊ करण्याची क्रिया शोधणारे चार्ल्स गुडइयर हे पिता, आणि बुटाच्या वरच्या कातड्याला वेल्ट नावाची अरुंद चामडी पट्टी शिवून त्या पट्टीला तळ जोडण्याचे यंत्र १८७०च्या दशकात प्रचारात आणणारे चार्ल्स गुडइयर कनिष्ठ हा त्यांचा पुत्र. टायरची कंपनी १८९८ मध्ये दुसऱ्याच माणसाने काढली व पित्याच्या स्मरणार्थ तिला ते नाव दिले. या पद्धतीचे खरे महत्त्व असे, की झिजलेला तळ काढून, वरचे कातडे न दुखवता, नवा तळ पुनःपुन्हा बसवता येतो. लायमन ब्लेक याने १८५८ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राच्या शिलाईत तळ थेट आतल्या अस्तरापर्यंत शिवलेला असतो. तो बूट हलका व सडपातळ होतो, आणि त्याचाही तळ बदलता येतो, मात्र ते यंत्र ज्याच्याकडे आहे अशा कारागिराकडेच.

चामडी तळ हाच उच्च अभिरुचीचा, रबर म्हणजे हलके काम, हा दुसरा समज. बुंदेलखंडाची भूमी ग्रॅनाइटची. येथल्या रस्त्यांवरची खरखरीत धूळ चामडी तळ कानशीप्रमाणे घासते, आणि पावसाळ्यात संगमरवरी फरशीवर तोच तळ घसरतो. चामडी तळावर पातळ रबरी पत्रा चढवून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. या संदर्भात आमच्या शहराचा अभिमान असलेले हॉकीपटू ध्यानचंद आठवतात. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात ते अनवाणी खेळले, अशी आख्यायिका झाशीत लहान मुलेही सांगतात; परंतु त्या सामन्याचे जे वर्णन मिळते त्यात त्यांनी मध्यंतरानंतर खिळ्यांचे बूट व मोजे काढून उघड्या पोटऱ्यांनी, रबरी तळाच्या बुटांत खेळ केला असे आहे. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला होता. मध्यंतराला भारताकडे एकाच गोलाची आघाडी होती, आणि सामना ८-१ असा संपला. जगातल्या त्या सर्वश्रेष्ठ खेळाडूने मैदान पाहून तळ निवडला, ही गोष्ट मला अनवाणी पायांच्या आख्यायिकेहून अधिक हृद्य वाटते.

रंगाबद्दल थोडक्यात. काळाच रंग औपचारिक हा संकेत सायंकाळच्या समारंभास व लष्करी मेजवानीस लागू आहे. दिवसा, राखाडी वा निळ्या सुटाबरोबर, गडद तपकिरी बूट पूर्णतः शिष्टसंमत आहेत, आणि वारंवार पॉलिश होत त्यांना जी छटांची खोली येते ती काळ्याला कधी येत नाही. शेरवानीखाली बंदांचे बूट मात्र खटकतात. तेथे साधा, बंदांशिवायचा घाट किंवा मोजडी घ्यावी. धोतरावर तर कोल्हापुरी चपलेला पर्यायच नाही, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळाले याचा मला मनःपूर्वक आनंद आहे. आपल्याकडच्या जुन्या मोजड्यांना डावा-उजवा भेद नसे, याला कोणी मागासपणा समजू नये. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दोन्ही पायांना एकाच फर्म्यावरचे बूट सर्रास होत.

पुतण्याने अखेर चित्र घडी करून खिशात घातले. एका संध्याकाळी सात वाजता आम्ही बैठकीत जमिनीवर कागद पसरले, तो त्यांवर उभा राहिला, आणि मी गुडघे टेकून त्याच्या दोन्ही पावलांच्या रेघा काढल्या. डावे पाऊल उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाले. मोठ्या पावलाचे माप, रुंद व गोलसर टोकाचा फर्मा, खुली बांधणी, चवड्यावर नक्षीविरहित एकच आडवी शिवण, काळे गुळगुळीत वासरी कातडे, वेल्टचा चामडी तळ आणि त्यावर पातळ रबर, एवढा तपशील त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून आग्र्याला धाडला. लग्न माघात आहे. बूट पौषाच्या आरंभी येतील, म्हणजे घरातल्या घरात ते रोज तासभर घालून पायाशी जुळवून घ्यायला त्याला महिनाभर मिळेल.