भाडं आवडायचं कशामुळे?

आषाढी वारीत दिंडीचं सामान वाहणाऱ्या ट्रकचा हिशेब मांडला, तर धंद्याच्या दृष्टीने तो फारसा जमत नाही. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. मोकळा रस्ता असेल तर भरलेली गाडी ते एका दिवसात सहज कापते. वारीत त्यालाच अठरा-वीस दिवस लागतात. पहाटे तंबू उतरवायचे, भांडी, शिधा आणि वळकट्या हौद्यात भरायच्या, आणि पायी निघालेली माणसं पोचण्याआधी पुढचा मुक्काम गाठायचा. वाटेत गर्दी, चिखल, अडवलेले रस्ते. तरीही वर्षानुवर्षं त्याच दिंडीबरोबर जाणारे, हे भाडं दुसऱ्याला न सोडणारे चालक आहेत. त्यामागे भक्ती आहेच. पण भक्तीबरोबर आणखीही काही आहे. एरवी ‘ए ड्रायव्हर’ अशी हाक ऐकणाऱ्या माणसाला या दिवसांत सगळे ‘माउली’ म्हणतात. पंगतीत त्याचं पान इतरांच्या पानाशेजारीच मांडलं जातं. आणि त्याची गाडी वेळेवर आली नाही तर आज चूल पेटणार नाही, हे दिंडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मालवाहतुकीच्या गेल्या सत्तर वर्षांचा मागोवा घेताना हाच धागा पुन्हा पुन्हा हाती लागतो. चालकांना आवडलेली भाडी सोपी होती म्हणून आवडली नाहीत. ज्या भाड्यात त्यांच्या अंदाजाला किंमत होती आणि शेवटच्या टोकाला कुणीतरी खरोखर वाट पाहत होतं, ती आवडली.

टेल्को कंपनीने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने 1954 मध्ये जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, आणि पुढच्या काही वर्षांत अशोक लेलँडच्या गाड्याही रस्त्यावर दिसू लागल्या. या गाड्या चालवणं अंगमेहनतीचं काम होतं. स्टिअरिंग वळवताना खांदे भरून यायचे आणि इंजिनाची धग थेट केबिनमध्ये यायची. पण गाडी एकदा गावाबाहेर पडली की मालकाचा हात तिच्यापर्यंत पोचत नसे. ट्रंक कॉल लागेल तेव्हा लागेल. तोवर चालक हाच मालकाचा मुखत्यार. परतीचं भाडं कुठल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मिळेल, किती दिवस थांबून चांगला दर घ्यायचा आणि कधी कमी दरात गाडी भरून निघायचं, पाटा तुटला तर कुठल्या मिस्त्रीकडे जायचं, हे सगळं त्याने ठरवायचं. रिकामी गाडी परत आणणं हा नुसता तोटा नव्हता, त्यात कमीपणाही होता. म्हणून परतीचा चांगला माल मिळालेली फेरी हे त्या काळातलं आवडतं भाडं. शेठला त्यात पैसे सुटत. चालकाला पैशांबरोबर त्याच्या शब्दाची पतही मिळे.

माल बांधण्याच्या कामात हे कसब सर्वांत स्पष्ट दिसतं. गाडी भरून झाली की वर ताडपत्री पसरायची. पुढच्या बाजूची घडी मागच्या घडीच्या वर यायला हवी, म्हणजे वारा आणि पाऊस आत शिरत नाही. मग क्लीनर वरून दोर फेकतो आणि उस्ताद, म्हणजे चालक, तो खालच्या हुकात अडकवून, फाळक्याला पाय लावून, सगळ्या अंगाने ओढतो. दोर जास्त ताणला तर पोती फाटतात किंवा खोकी दबतात. ढिला राहिला तर घाटाच्या दुसऱ्या वळणावर माल एका बाजूला कलतो. किती ताणायचा ते कुठल्या पुस्तकात नाही. कांद्याला वेगळा, कापसाच्या गाठींना वेगळा, पत्र्याला वेगळा. दोन-तीन वर्षं क्लीनर म्हणून वावरल्यावरच तो अंदाज हातात येतो. ज्या मालात हा अंदाज पणाला लागतो, तो सुखरूप पोचवण्यात कारागिराचं समाधान असतं. तेच चांगल्या भाड्याचं पहिलं लक्षण.

दुसरं लक्षण कोकणच्या आंब्याने शिकवलं. रत्नागिरी-देवगडच्या बागांतून दिवसा पेट्या भरायच्या, संध्याकाळी निघायचं, रात्रभर घाट उतरत-चढत मुंबईच्या, आणि नंतरच्या काळात वाशीच्या, बाजारात सकाळच्या विक्रीआधी गाडी लावायची. कशेडीचा घाट, अरुंद महामार्ग, समोरून येणाऱ्या गाड्यांचे डोळ्यांवर पडणारे दिवे; यात सुखाचं काही नव्हतं. पण नाशवंत मालाचा एक मोठा गुण असतो, तो थांबू शकत नाही. सिमेंटची किंवा लोखंडाची गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर दोन दिवस उभी राहिली तरी कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून ती उभीच ठेवली जाते. आंब्याची गाडी आली की हमाल धावत येतात. पेट्या मोजून उतरतात, आणि उन्हं वर येईपर्यंत गाडी खाली होऊन परतीच्या वाटेला लागते. काम केव्हा सुरू होणार आणि केव्हा संपणार हे चालकाला आधी कळतं. शिवाय काही तासांत बागायतदाराच्या वर्षभराच्या मेहनतीचा भाव ठरणार असतो, आणि तो बऱ्याच अंशी चालकाच्या हाती असतो. पेणहून गणपतीच्या मूर्ती नेणाऱ्या टेम्पोचंही तसंच. मूर्तींच्या मधे पेंढा ठासलेला, गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवून पुढे काढायची, आणि उतरवताना माणसं त्या मालाला नमस्कार करून हात लावणार. बदली झालेल्या कुटुंबाचं घरसामान नेणारा चालकही नव्या घरात पहिला चहा घेऊन जातो. या सगळ्या भाड्यांत माल कुणाचा आहे हे चालकाला दिसतं, आणि चालक कोण आहे हे मालवाल्याला.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी आहे: ही भावनेची गोष्ट झाली, माणूस पैशासाठी गाडी चालवतो, ज्या भाड्यात चार पैसे जास्त तेच आवडतं. पैशाचं महत्त्व नाकारण्यात अर्थ नाही. घरी पैसे पाठवायचे असतात, मुलांची फी भरायची असते. पण चालकाची कमाई कशी ठरते ते पाहिलं, तर पैसा आणि मान हे दोन वेगळे विषय राहत नाहीत. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांवर पगाराला फेरीमागे मिळणाऱ्या भत्त्याची जोड असते. महिन्यात फेऱ्या किती झाल्या यावर हातात काय पडणार ते ठरतं. म्हणजे फाटकाबाहेर गेलेला प्रत्येक दिवस त्याच्या खिशातून जातो, आणि त्या दिवसाचं जेवणही. त्यात उतरवणीची हमाली, म्हणजे वाराई, त्याच्याकडूनच मागितली जाते. ज्याच्या वेळेला किंमत नाही त्याला ताटकळत ठेवलं जातं, आणि ज्याला ताटकळत ठेवलं जातं त्याची कमाई घटते. चालक जेव्हा म्हणतो, ‘त्या पार्टीकडे गाडी लगेच खाली होते, भाडं चांगलं आहे,’ तेव्हा त्या एका वाक्यात पैसाही असतो आणि इज्जतही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे गेलेल्या दिवसांचं गोड चित्र आहे. तेव्हा रस्ते वाईट होते, बोरघाटात इंजिनाचं पाणी उकळून गाड्यांची रांग लागत असे, जकात नाक्यांवर तासन्‌तास जात आणि चिरीमिरीशिवाय कागद पुढे सरकत नसे. हे सगळं खरं आहे. 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता, आणि एक-दोन गाड्यांचे मालकच या धंद्यात बहुसंख्य. त्यामुळे चालकाच्या झोपेला कायद्याचा आधार तेव्हाही नव्हता. सुधारणाही खऱ्या आहेत. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पाने 5,846 किलोमीटरचे महामार्ग रुंद केले, जुलै 2017 मध्ये जीएसटीबरोबर मुंबईची जकात गेली, फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला, आणि नव्या मोठ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन 2025 मध्ये बंधनकारक झालं. जुने हाल परत यावेत असं कुणीही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की या सुधारणांनी वाचवलेला वेळ कुणाच्या वाट्याला आला? सेव्हलाइफ फाउंडेशनने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा शहरांच्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी बारा तास गाडी चालवतो आणि 417 किलोमीटर जातो, असं आढळलं. भागाकार केला तर ताशी सुमारे 35 किलोमीटर. रस्ता रुंद झाला, पण चालकाचा दिवस आखूड झाला नाही. वाचलेला वेळ पुढच्या फेरीत भरला गेला. त्याच पाहणीत 84 टक्के चालकांनी सांगितलं की आपल्या घरच्यांना किंवा नातेवाइकांना हा पेशा धरायला आपण सांगणार नाही. रस्ते वाईट असताना क्लीनरचा उस्ताद व्हायचं स्वप्न पाहणारी पोरं होती. रस्ते सुधारल्यावर ती मिळेनाशी झाली. हालांनी धंदा नकोसा केला असता, तर हे नेमकं उलट घडायला हवं होतं.

बदललं ते दुसरंच. निर्णय केबिनमधून उठून ऑफिसात गेला. मार्ग ऑफिस ठरवतं, डिझेल कुठे भरायचं तेही ऑफिस ठरवतं, परतीचा माल मोबाइलवर येतो. मालाबरोबर लागणाऱ्या ई-वे बिलाची मुदत 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते, म्हणजे घड्याळ माल भरला तेव्हापासूनच पाठीमागे लागतं. अनेक गाड्यांवरून क्लीनरही गेला. त्याच्याबरोबर स्टोव्हवरचं जेवण गेलं, पहाटे तीन वाजता बोलत राहून जागं ठेवणारा माणूस गेला आणि शिकवण्याचा मानही गेला. इथे तिसरा आक्षेप येतो, की जीपीएसमुळे चोरी कमी होते, मदत लवकर पोचते आणि दलालावाचून भाडं मिळतं. तेही मान्य करायला हवं. मात्र हे यंत्र एकाच बाजूने पाहतं. गाडी धाब्यावर जरा जास्त थांबली की चालकाला फोन येतो. गोदामाच्या दारात ती दहा तास उभी राहिली तर गोदामवाल्याला कुणी फोन करत नाही. नोंद दोन्हीची होते, जाब मात्र एकालाच विचारला जातो. चालकाला टोचतं ते हे.

आवडतं भाडं ही फक्त जुन्या काळाची गोष्ट नाही, याचे पुरावे अलीकडचेच आहेत. जुलै 2019 मध्ये तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी सत्तर टनांचं एक अजस्र यंत्र अंबरनाथहून 74 चाकांच्या गाडीवर निघालं आणि जुलै 2020 मध्ये पोचलं. सुमारे 1,700 किलोमीटरला एक वर्ष, म्हणजे दिवसाला पाच किलोमीटरसुद्धा नाही. मधे करोनाची टाळेबंदी आली, विजेच्या तारा उचलाव्या लागल्या, झाडांच्या फांद्या छाटाव्या लागल्या. तीसेक माणसांचा तो ताफा थट्टेचा विषय झाला नाही. गावोगाव लोक रस्त्यावर येऊन तो पाहत उभे राहिले. एप्रिल 2021 मध्ये, करोनाच्या लाटेत, कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला गेले आणि ऑक्सिजन भरून नागपूर-नाशिकला परतले. त्याच आठवड्यांत रस्त्यावरच्या ऑक्सिजन टँकरना रुग्णवाहिकेसारखी वाट देण्यात आली. त्या टँकरवरच्या माणसांइतकं थकवणारं काम क्वचितच कुणी केलं असेल. पण नाक्यावर अडवणूक नाही आणि दारात ताटकळणं नाही, कारण आत माणसं श्वासासाठी वाट पाहत होती. काही कंपन्यांनी चार-पाच तासांवर चालक बदलून त्याला त्याच दिवशी घरी परत पाठवण्याची पद्धतही रुजवायचा प्रयत्न केला आहे. रात्री आपल्या अंथरुणावर झोपायला मिळणं हे चालकाच्या लेखी मोठं सुख आहे, आणि ते यंत्राच्या मदतीनेच शक्य होतं. म्हणजे तंत्रज्ञान आणि समाधान यांच्यात वैर नाही. चालकाची वेळ मोजायची आणि इतरांची मोजायची नाही, या सवयीशी समाधानाचं वैर आहे.

चालक मिळत नाहीत ही तक्रार आज प्रत्येक ट्रान्सपोर्ट ऑफिसात ऐकू येते, आणि तिच्यावर पगारवाढ किंवा थंड केबिन एवढाच उपाय सांगितला जातो. दोन्ही हवेतच, पण ते पुरणार नाहीत. वारीच्या ट्रकने, आंब्याच्या गाडीने आणि ऑक्सिजनच्या टँकरने जे शिकवलं ते सरळ आहे: मेहनत कितीही असो, माणूस ती आनंदाने करतो, जर त्याच्या येण्याने कुणाला फरक पडत असेल. याची सुरुवात माल घेणाऱ्याच्या दारातच होऊ शकते. आपण कारखानदार असा, दुकानदार असा, नाहीतर घरसामान मागवणारे साधे गिऱ्हाईक. गाडी आली की चालकाला पाणी आणि स्वच्छतागृह दाखवा, त्याचं नाव विचारा, आणि पोचपावतीवर दोन वेळा लिहा: गाडी आली किती वाजता आणि खाली झाली किती वाजता. त्या दोन वेळांमधलं अंतर ज्याच्यामुळे वाढलं, त्याने त्याचे पैसे चालकाला द्यावेत.