पाठीवरचं मूल

श्रोतेहो, छत्रपती संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटरवर, गोदाकाठी पैठण आहे. संत एकनाथ (१५३३–१५९९) तिथले. लोक त्यांना शांतिब्रह्म म्हणतात. पण ते रानात बसलेले जोगी नव्हते बरं का! घरात पत्नी गिरिजाबाई, मुलंबाळं, शिवाय आल्यागेल्याची पंगत.

आख्यायिका अशी, की नाथांना राग आणण्याची पैज मारून एक गृहस्थ त्यांच्याकडे जेवायला बसला. गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तोच त्यानं त्यांच्या पाठीवर उडी घेतली. पाहुणे पडतील, सांभाळ, असं नाथ म्हणाले. त्यावर बाई म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन काम करायची सवयच आहे मला!

या शांतीला आपण हात जोडतो, ते योग्यच. मला मात्र ती सवय खटकते. पाठीवर मूल, हातात काम. मग त्या माउलीनं पाठ टेकायची कधी? दिवसभर रानात राबलेली बाई तिन्हीसांजेला पोरांवर खेकसते, तो तिचा स्वभाव नव्हे, शीण असतो. तेव्हा भांडी आवरून होईपर्यंत बापानं पोराला ओसरीवर घेऊन बसावं. गुरुजींनी पालकसभेत हे बापांनाच सांगावं. आया सांगून थकल्या आहेत. पोरानं गोष्ट मागितली, तर पैठणची ही आहेच.