सायकल, मिसळ आणि घामाचा हिशेब

पावसाळा ओसरला की रविवारी पहाटे कल्याण-मुरबाड रस्त्यावर हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांचे जथे दिसू लागतात. डोंबिवलीकर टिटवाळ्याला जातात, बदलापूरकर बारवी धरणाकडे वळतात, ठाणेकर येऊरचा चढ चढतात किंवा वज्रेश्वरी गाठतात. दमदार मंडळी थेट माळशेज घाटापर्यंत मजल मारतात. वाटेतली मिसळ, वडापाव आणि चहा हा या फेरीचा ठरलेला भाग. यात चाळिशी-पन्नाशीचे, आठवडाभर लोकल आणि खुर्चीत अडकलेले लोक बरेच असतात. मधुमेह, रक्तदाब असलेलेही असतात. म्हणून काय खायचं यापेक्षा ते केव्हा खायचं, हा प्रश्न त्यांच्यासाठी महत्त्वाचा ठरतो.

सायकल आणि खाणं यांची जोडी जगभर आहे. आल्प्स पर्वतराजीतल्या ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, उत्तर इटलीत लोक दिवसभर सायकल चालवतात आणि संध्याकाळी गावातलं चीज, पावाचे उकडलेले गोळे, वाइन यांचा आस्वाद घेतात. बिअर आणि लिंबाचं गोड पेय मिसळलेल्या तिथल्या पेयाचं नावच 'राडलर', म्हणजे सायकलस्वार! पण तिथली हवा थंड असते. आपल्याकडच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. त्यामुळे आपला हिशेब वेगळा मांडावा लागतो.

इंधन किती लागतं?

७० किलो वजनाची व्यक्ती ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगानं सायकल चालवते तेव्हा तासाला साधारण ४५० ते ५०० किलोकॅलरी खर्च होतात. यासाठी स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, मोठ्या प्रमाणात वापरली जाते. जोरात सायकल चालवली तर हा साठा दीड-दोन तासांत बराच उतरतो. मग पाय एकाएकी जड होतात, डोकं हलकं वाटतं, चिडचिड होते.

तासाभराच्या फेरीला पाणी पुरतं. त्यापुढे मात्र दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात ती साधारण २५ ग्रॅम असतात. केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू खिशात ठेवावा आणि भूक लागण्याआधीच थोडं थोडं खावं. निघण्यापूर्वी पोहे किंवा उपमा उत्तम. नुसत्या चहा-खारीवर ६० किलोमीटर जाऊ नये.

मिसळ परतल्यावर

व्यायाम करताना रक्तपुरवठा स्नायूंकडे वळतो आणि आतड्यांकडचा कमी होतो. तेलकट पदार्थ मुळातच जठरात जास्त वेळ राहतात. त्यात सायकलवर पुढे वाकून बसल्यानं पोटावर दाब येतो. त्यामुळे अर्ध्या वाटेवर तर्रीदार मिसळ चापून लगेच चढ चढायला घेतला, तर जळजळ, मळमळ, पोटात कळ हे ओघानं आलंच. ठाण्याच्या मामलेदार मिसळीची चव घ्यायची तर ती फेरी संपल्यावर घ्यावी. मटकीची प्रथिनं आणि पावाची कर्बोदकं थकलेल्या स्नायूंना तेव्हा उपयोगीच पडतात. मात्र एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल साधारण १२० किलोकॅलरी देतं. तेवढं जाळायला पाव तास सायकल चालवावी लागते. दर आठवड्याला फेरी होते, तरी वजन हलत नाही, याचं कारण बऱ्याचदा तर्रीत असतं.

मुरबाड-शहापूरच्या गावांत मिळाली तर नाचणीची किंवा तांदळाची भाकरी आणि रानभाजी ही या मुलखाची खरी मेजवानी. पावसाच्या सुरुवातीची शेवळं मात्र जाणत्या हातानंच केलेली खावीत. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटमुळे घसा खवखवतो. म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात.

पाणी, मीठ आणि नीरा

फेरीपूर्वी आणि नंतर वजन करावं. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर द्रव कमी पडला. उलट वजन वाढलं असेल तर पाणी गरजेपेक्षा जास्त झालं. तासन्तास नुसतंच पाणी ढोसल्यानं रक्तातलं सोडियम घटून गुंगी, उलट्या, झटके येऊ शकतात. लिंबू सरबत, ताक, कोकम सरबत मीठ घालून घ्यावं. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

नीरा पहाटेची ताजीच प्यावी. ऊन चढेल तशी ती आंबते आणि तिची ताडी होते. मद्य लघवीचं प्रमाण वाढवतं आणि तोल बिघडवतं, त्यामुळे सायकल चालवायची असेल तर ताडी आणि बिअर दोन्ही वर्ज्य. धबधब्याचं पाणी आणि रसवंतीतला बर्फ टाळावा. त्यातून आलेली कावीळ काही आठवड्यांनी दिसते, तोवर फेरी विसरलेली असते.

मधुमेह आणि हृदयविकार

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर वाटेत घसरू शकते, आणि त्या रात्री झोपेतही. निघताना साखर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर आधी खावं. घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर थांबून तीन चमचे साखर घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. लांब फेरीच्या दिवशी औषधाची मात्रा किती, हे डॉक्टरांशी आधीच ठरवावं. एकट्यानं जाऊ नये आणि सोबत्याला आपला आजार सांगून ठेवावा.

छातीत दाब, जबडा किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप ही लक्षणं 'अ‍ॅसिडिटी' म्हणून अंगावर काढू नयेत. सायकल तिथेच सोडून १०८ ला फोन करावा. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं, अडखळू लागलं तर घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि रुग्णालयात हलवावं.

वर्षानुवर्षं बैठं काम केलेल्यांनी आधी तपासणी करून १०-१५ किलोमीटरपासून सुरुवात करावी. अंतर हळूहळू वाढवावं आणि आठवड्यात दोन-तीन दिवस छोटी फेरीही मारावी. हृदयाला रविवारच्या एका मोठ्या फेरीपेक्षा हे सातत्य जास्त मानवतं.